लाँड्रीतलं मतदान केंद्र

आमच्या घरात फॉर्म भरायचं खातं नवऱ्याकडे आहे. व्हिसाचे, बँकेचे, गाडीच्या विम्याचे, दातांच्या डॉक्टरकडचे, सगळे तोच भरतो. माउंट वेलिंग्टनच्या एका ऑफिसात तो इंजिनिअर आहे आणि रिकामा चौकोन दिसला की त्याला राहवत नाही. मला त्याच चौकोनांचा कंटाळा येतो. त्यामुळे दर तीन वर्षांनी कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, निवडणुकीची पाकिटं पोस्टाने आली की तीही आपोआप त्याच्याकडे जायची. इथे मत द्यायला कुठे जावं लागत नाही. मतपत्रिका घरी येते, तिच्यावर खुणा करायच्या, सोबतच्या पाकिटात घालायची आणि टपालपेटीत टाकायची. तिकीटसुद्धा लावावं लागत नाही.

यंदा पाकिटं आली तेव्हा एक सासूबाईंच्या नावाचं निघालं.

सासरे गेल्यावर सासूबाई पुण्याहून कायमच्या आमच्याकडे, बॉटनी डाउन्सला राहायला आल्या, त्याला दीड वर्ष झालं होतं. पुण्यात त्या शाळेत गणित शिकवत. आणि शिक्षिका म्हणजे निवडणुकीची ड्यूटी आलीच. आधी मतदान अधिकारी, मग केंद्राध्यक्ष, असं करत त्यांनी सुमारे तीस वर्षं निवडणुका काढल्या. शाई, मतदार यादी, पेटीचं सील, वेळ संपल्यावर दारात उभे राहिलेले लोक, हे विषय निघाले की त्या खुर्चीत जरा ताठ बसतात.

पाकीट त्यांनी ओट्यावर ठेवून चष्मा लावून वाचलं. "हे चुकून आलंय," त्या म्हणाल्या. "माझा पासपोर्ट भारताचा आहे."

"चुकून नाही, आई," मी म्हटलं. "रेसिडेंट असलं आणि इथे वर्षभर राहिलं की मत देता येतं. मागे यादीत नाव घालायचा फॉर्म भरला होता ना आपण."

"तो मी भरला होता," नवरा सोफ्यावरून म्हणाला. "दोघींची पाकिटं तिथेच राहू द्या. रविवारी बसतो आणि एकदम करून टाकतो. स्वीट ॲज, काही टेन्शन नाही."

"काय करून टाकतोस?" सासूबाईंनी विचारलं.

"टिक्स. हिच्या मीच करतो नेहमी."

हे तो इतक्या सहजपणे म्हणाला की मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. कणीक मळत होते, मळत राहिले. मग वळून पाहिलं तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. वर्गात कॉपी करताना सापडलेल्या मुलीकडे त्या अशाच बघत असणार.

"म्हणजे तू मत दिलंच नाहीस?"

"दिलं ना. म्हणजे, माझ्या नावाचं गेलं."

"कितीदा?"

"दोनदा."

त्यांनी चष्मा काढला. "तीस वर्षं मी बोगस मतदान पकडलं," त्या शांतपणे म्हणाल्या, "आणि ते निघालं माझ्या घरात."

नवरा हसला. मग आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबला. मला मात्र कानापर्यंत लाज वाटली. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. कुणाचा स्वल्पविराम चुकला तरी ऑफिसात तीन ओळींचा ईमेल लिहिते. आणि स्वतःच्या शहराचा महापौर कोण असावा हे मी सहा वर्षं दुसऱ्याला ठरवू दिलं होतं, कारण मला चौकोनांचा कंटाळा होता.

दुसऱ्या दिवसापासून घरात निवडणूक लागली. पाकिटात उमेदवारांची माहितीपुस्तिका असते. प्रत्येकाचा फोटो आणि थोडक्यात मनोगत. मी ती आजवर कधी उघडली नव्हती. सासूबाईंनी ती लाल पेन घेऊन वाचायला घेतली. अडलेला शब्द फोनवर शोधायच्या, व्याकरणाच्या चुका अधोरेखित करायच्या आणि समासात दहापैकी मार्क द्यायच्या. संध्याकाळी मी कामावरून आले की दिवसभराचा अहवाल मिळायचा.

"या सगळ्यांना कम्युनिटीची तळमळ आहे," त्या म्हणाल्या. "एकालाही नाही असं नाही. मग आपल्या कोपऱ्यावरचा तो रस्ता गेल्या वर्षीपासून तीनदा का खणला?"

"पाइप बदलतायत."

"एकदाच सगळे बदलावेत असं यात कुणी लिहिलेलं नाही. मी शोधलं."

एका उमेदवाराला त्यांनी नऊ मार्क दिले, कारण त्याने निवडून आल्यावर आपण काय करू शकणार नाही हेही लिहिलं होतं. दुसरीला तीन, कारण फोटोत ती कुत्र्याबरोबर होती आणि मजकुरात अर्धी जागा कुत्र्याला दिली होती. मी कुत्र्याची बाजू घेऊन पाहिली. "कुत्रा उभा असता तर विचार केला असता," त्या म्हणाल्या आणि पान उलटलं.

रविवारी सकाळी त्यांनी मतदान जाहीर केलं. जेवणाच्या टेबलावर मतदान होणार नाही, हे आधीच सांगितलं होतं. "तिथे सगळे एकमेकांच्या ताटात बघतात." शेवटी लाँड्री, म्हणजे घरातली कपडे धुवायची खोली, ठरली. वॉशिंग मशीनसमोर इस्त्रीचं टेबल उघडलं, त्यावर टीव्हीच्या खोक्याचे पुठ्ठे तीन बाजूंनी उभे केले, आणि कपडे वाळत घालायच्या स्टँडवर चादर टाकून आडोसा केला. मार्कांची पुस्तिका त्यांनी स्वतःच्या कपाटात ठेवली आणि मला कोरी दिली, माझ्याच पाकिटातली. माझ्यावर प्रभाव पडायला नको म्हणून.

"महापौराला मात्र..." नवऱ्याने मला सांगायला सुरुवात केली.

"प्रचार संपलाय," त्या म्हणाल्या. तो बाहेर लॉनवर जाऊन उभा राहिला.

आधी त्या आत गेल्या. सात-आठ मिनिटांत पाकीट चिकटवूनच बाहेर आल्या. मग माझी पाळी. मला वाटलं होतं, दोन मिनिटांचं काम. चादरीमागे गेले, पेन उघडलं, आणि मला काहीच मत नाही असं लक्षात आलं. म्हणजे तक्रारी भरपूर होत्या. बस वेळेवर येत नाही, पावसाचं पाणी गॅरेजच्या दारापर्यंत येतं, लायब्ररी रविवारी लवकर बंद होते. पण या तक्रारी ऐकायला कुणीतरी निवडायचं असतं, आणि ते मी निवडायचं असतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मशीनवर टेकून मी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचली. महापौराला एकच खूण, लोकल बोर्डाला, म्हणजे आमच्या भागाच्या समितीला, जितके सभासद तितक्यांपर्यंत. कमी केल्या तरी चालतं. दोन नावं मी केवळ त्यांनी गटारांबद्दल लिहिलं होतं म्हणून निवडली आणि त्याचा मला फार अभिमान वाटला.

"सावकाश," बाहेरून आवाज आला. "घाई नाही. पण आत झोपू नकोस."

बाहेर आले तेव्हा पंचवीस मिनिटं झाली होती. परीक्षा देऊन आल्यासारखं वाटत होतं. नवऱ्याने लॉनवरून विचारलं, "कुणाला दिलंस?" मी म्हटलं, "सांगणार नाही." लग्नाला चौदा वर्षं झाली आहेत. त्याचा चेहरा खरोखर पाहण्यासारखा झाला.

मग त्याची पाळी. तो पाकीट आणायला आत गेला आणि परत आलाच नाही. आधी ओटा पाहिला, मग टेबलाचा ड्रॉवर, लॅपटॉपची बॅग, गाडी. मग आम्ही तिघांनी मिळून घर पाहिलं. आमची दोन पाकिटं मंगळवारी आली होती आणि मीच आत आणली होती. त्याचं दोन-तीन दिवसांनी आलं असणार, आणि त्या आठवड्यात पुढे लेटरबॉक्स तो रिकामा करत होता. पिझ्झ्याची पत्रकं, घर विकता का विचारणारी एजंटांची कार्डं, हे सगळं तो न बघता गठ्ठ्याने रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकतो. बिन न्यायचा ट्रक येऊन गेला होता.

"जंक मेल समजलास तू ते," सासूबाई म्हणाल्या.

"पाकीट तसंच दिसतं."

"आमची आम्हाला दिसली."

त्याने फोन काढला. वेबसाइटवर शोधल्यावर कळलं की पाकीट नसेल तर विशेष मत देता येतं, पण त्यासाठी ठरलेल्या ठिकाणी, आमच्या बाबतीत लायब्ररीत, स्वतः जावं लागतं. "जातो या आठवड्यात," तो म्हणाला. फॉर्म भरणारा माणूस हे वाक्य ज्या सुरात म्हणतो, त्यावरून मी ओळखलं की आता शेवटचा दिवस उजाडणार.

आमची पाकिटं टपालपेटीत टाकायला सासूबाई तयार नव्हत्या. पेटीजवळ कुणीच बसत नाही, हे त्यांना पटत नव्हतं. म्हणून आम्ही सुपरमार्केटमध्ये गेलो. तिथे दारापाशी निवडणुकीसाठी नारिंगी पेटी ठेवलेली असते. त्यांनी पेटीभोवती एक फेरी मारली, झाकणाचं सील वाकून पाहिलं, फटीत बोटं जातात का ते तपासलं. कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरमागची मुलगी थोडा वेळ बघत राहिली आणि मग जवळ आली.

"तुम्ही कौन्सिलकडून आलात का?" तिने इंग्रजीत विचारलं.

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "रिटायर्ड."

त्या मुलीला हे पुरेसं वाटलं असावं. ती पेटी रोज कोण रिकामी करतं, चावी कुणाकडे असते, हे तिने नीट उभं राहून सांगितलं. सासूबाईंनी मान हलवली आणि पाकीट आत सोडलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझं तूच टाक."

शेवटचा दिवस शनिवार होता आणि दुपारी बाराला मतदान बंद होणार होतं. अकराला नवरा म्हणाला, "चला, जाऊन येतो." सासूबाई चप्पल घालून गाडीत बसल्या होत्या. तो लायब्ररीचा रस्ता चुकला, कारण आमच्या कोपऱ्यावरचा रस्ता परत खणला होता आणि वळसा घालावा लागला. पोचलो तेव्हा बाराला पंचवीस मिनिटं होती आणि पुढे रांग होती. रांग बघून सासूबाईंना बरं वाटलं.

टेबलामागे एक माओरी बाई बसल्या होत्या, सासूबाईंहून थोड्या लहान. "किया ओरा," असा त्यांच्या भाषेत नमस्कार करून त्यांनी फॉर्म पुढे केला. विशेष मतासाठी प्रतिज्ञापत्र भरायचं होतं आणि त्यावर साक्षीदाराची सही हवी होती. साक्षीदार यादीतला मतदार असला की झालं.

"आई आहे," नवरा म्हणाला आणि लिहू लागला. नाव, पत्ता, जन्मतारीख. मग कारणांचे चौकोन आले. पत्रिका मिळाली नाही, खराब झाली, हरवली, असे काहीसे. त्याने पहिल्या चौकोनात पेन टेकवलं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या. "तुला मिळाली नाही?"

"आई, सगळे हेच टिक करतात."

"मिळाली होती. तू टाकलीस."

"एकाच गोष्टीचे दोन प्रकार आहेत ते."

"मग मी सही करणार नाही. मी न बघता सही करत नाही आणि बघून खोटी करत नाही."

हे सगळं मराठीत चाललं होतं, पण टेबलामागच्या बाईंना त्यातलं बरंच कळत होतं असं मला वाटलं. मागचा माणूस जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून उभा होता, त्याने घड्याळ पाहिलं. मी म्हटलं, "अरे, हरवली लिही ना." नवऱ्याने माझ्याकडे, आईकडे, घड्याळाकडे पाहिलं. त्याला वाईट कशाचं वाटत होतं ते मला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हातून फॉर्ममध्ये काहीतरी बिघडलं होतं आणि ते स्वतःच्या अक्षरात लिहायचं होतं.

"मी ती रिसायकलिंगमध्ये टाकली," त्याने शेवटी त्या बाईंना सांगितलं. "चुकून."

"माझ्या भावानेही," त्या म्हणाल्या. "दोनदा."

त्याने 'हरवली'वर खूण केली. सासूबाईंनी पर्समधून स्वतःचं पेन काढलं, प्रतिज्ञापत्र पहिल्या ओळीपासून वाचलं आणि पूर्ण नावाने सही केली. बाराला दहा मिनिटं असताना त्याला मतपत्रिका मिळाली. कोपऱ्यात पुठ्ठ्याचा आडोसा होता. तो त्यामागे गेला आणि आम्ही दोघी टेबलापाशी थांबलो.

"तुम्ही हे काम केलंय का आधी?" बाईंनी सासूबाईंना विचारलं.

सासूबाई इंग्रजीत फार बोलत नाहीत. पण त्या दिवशी बोलल्या. तीस वर्षं, त्या म्हणाल्या. शाळेच्या बाकावर झोपून. एकदा वीज गेली तर कंदील लावून. बाई म्हणाल्या, इथे कुणी बाकावर झोपत नाही, पण दुपारचं जेवण मात्र अजून झालेलं नाही. सासूबाईंनी पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढून दिली. बाईंनी ती तिथेच खाल्ली, हे मला फार आवडलं.

निकाल त्याच संध्याकाळी येऊ लागले. सासूबाईंचा नऊ मार्कांचा उमेदवार पडला. कुत्रेवाली चांगल्या मतांनी आली. त्यांनी यादी दोनदा वाचली आणि म्हणाल्या, "असू दे. मोजणी बरोबर असली म्हणजे झालं." माझ्या दोन गटारवाल्यांपैकी एक निवडून आला. मी कुणाला सांगितलं नाही, पण रात्री भात लावताना गुणगुणत होते म्हणे. नवऱ्याने ते ओळखून तीन नावं घेऊन पाहिली. तिन्ही चुकली.

पुढच्या महिन्यात लोकल बोर्डाची बैठक होती. ती सगळ्यांना खुली असते, हे सासूबाईंनी कुठेतरी वाचलं होतं. मी त्यांना सोडायला गेले आणि मग मीही बसले. ऐकायला आलेले आम्ही एकूण पाच जण होतो. कुत्रेवाली बाई दारापाशी उभी होती. तिने सासूबाईंना खुर्ची ओढून दिली, चहा हवा का विचारलं आणि कुत्र्याचं नाव सांगितलं. सासूबाईंनी चहा घेतला, पर्समधून वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.