त्या संध्याकाळी मिटवलं ते मी

हे मी कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. लिहायला बसते, उठते, गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात जाऊन येते — पुन्हा बसते.

पांढुर्ण्याच्या एका फोटो स्टुडिओत मी साफसफाई करते. मागच्या खोलीत सर्व्हर आहे, सतत घूं घूं करणारा काळा डबा. गावोगावच्या लग्नांचे फोटो त्यात राहतात. तो मंदा सांभाळायची. तिगाववरून गाडीने यायची. तिनेच मला सांगून ठेवलं होतं, संध्याकाळी स्क्रीनवर जे उघडं दिसेल ते मिटवून जात जा. तेवढं मला जमायचं.

मग भानगड झाली. एका मुलीचे पुसलेले फोटो जुन्या डिस्कमधून कोणीतरी परत काढले. तेव्हा नागपूरच्या इंजिनिअरला फोनवर विचारून मंदाने सर्व्हरवर एक नवी सोय बसवली. साधं पुसलं तर आत राहतं म्हणे. ही सोय त्याच जागेवर पुन्हा पुन्हा काहीबाही लिहिते, मग कोणालाच काढता येत नाही. सारवलेल्या जमिनीवर पाऊल शोधून दाखवा, असं मंदा हसून म्हणायची.

त्या दिवशी रामाकोना गावचं एक जुनं लग्न पुसायचं होतं. आणि रामाकोन्याचंच एक नवं लग्न अजून द्यायचं होतं. आपण नक्की कोणतं निवडलं याची मंदाला शंका आली, म्हणून स्क्रीन तशीच ठेवून ती भाऊंना — म्हणजे मालकांना — विचारायला समोर गेली. हे मला नंतर कळलं. मी आत गेले तेव्हा स्क्रीनवर हिंदीत विचारलेलं होतं — हमेशा के लिए मिटाएँ? आमच्यात छत्री मिटवतात, पुस्तक मिटवतात. मला वाटलं, स्क्रीनवरची खिडकी मिटवायची. मी 'हाँ' दाबलं.

इथपर्यंत चूक होती. पण चुकीचं मी सांगतच नाही आहे —

हिरवी पट्टी सरकू लागली. फार सावकाश. खाली रामाकोन्याच्या फोटोंची नावं एकामागून एक जात होती. कोपऱ्यात लिहिलेलं होतं, 'रोकें'. चौथी शिकलेल्या बाईला 'रोकें' वाचता येत नाही का? 'हमेशा' कळत नाही का? बाजारात आम्ही अर्धं हिंदीच तर बोलतो. पट्टी अर्धीही भरली नव्हती, तेव्हाच मला कळलं. हाक मारायची होती — फक्त हाक. पण समोर गिऱ्हाइकं बसली होती. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं असतं. मी फडकं घेतलं आणि टेबल पुसत राहिले. पट्टी भरेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी नवरीची आई अल्बम घ्यायला आली. आधी ओरडली, मग बाकावर बसून रडली. कोणी पुसलं ते मशीनमध्ये पाहिलं, तर मंदाचंच नाव निघालं. भाऊ म्हणाले, दुसऱ्या स्टुडिओवाल्यांनी हिला फितवलं असेल. मंदा माझ्याकडे वळली.

"मावशी, मी तं बाहेर होती. तुमी होत्या न अंदर, सांगा न भाऊले."

"मी तं झाडू मारून राहिली होती," मी म्हटलं. "मले काय समजते त्यातलं?"

भाऊंनी मान हलवली. खरंच, हिला काय समजणार? कोणीच पुढे विचारलं नाही. चौथीत शाळा सुटली याची मला सदा लाज वाटत आली — चारचौघांत तोंड न उघडायचं तेच कारण. आणि त्या दिवशी मी त्या लाजेच्याच आड जाऊन उभी राहिले. मला वाचता येतं हे त्या खोलीत एकट्या मंदाला माहीत होतं. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग पर्स उचलली. ती का बोलली नाही? तिला कळलं होतं का? मी विचारलं नाही.

आता ती सौंसरला साड्यांच्या दुकानात आहे. कधी बसमध्ये दिसते. खिडकीकडे सरकते, बाजूची जागा हाताने झटकते, "बसा मावशी" म्हणते.

मी बसते.