ओहोटीचा साखरपुडा

माझ्या मेहुणीच्या साखरपुड्याचं जेवण मी स्वतः हुकूम देऊन बोरिवलीच्या काठावर ठेवून आलो.

माझी सासरवाडी खाडीपलीकडच्या बेटावर. गोष्ट ऐंशी सालानंतरची. लग्न झाल्यापासून मला एकच प्रश्न छळायचा: भाजी, पीठ, तेल सगळं बोरिवलीहून येतं, मग पूर्वी होडी आली नाही की हे लोक खायचे काय? सासूबाईंना मी दर भेटीत विचारायचो आणि त्या माझ्या ताटात माशाची आणखी एक तळलेली तुकडी टाकून विषय संपवायच्या.

साखरपुड्याच्या सकाळी मी नवा सफारी सूट घालून, आई आणि मावश्यांना घेऊन काठावर पोचलो. बघतो तर होडीत पोतीच पोती!

"मावश्या कुठे बसणार?"

"पोत्यांवर," होडीवाला म्हणाला.

"छे! उतरव ती. पुढच्या फेरीत आण."

"साहेब, पाणी उतरतंय..."

"अरे, माणसं महत्त्वाची की पोती?" (काय वाक्य होतं! मावश्या कौतुकाने बघतच राहिल्या. पोती कुणाची, हे विचारायचं मात्र राहून गेलं.)

बेटावर सासूबाई धावत आल्या आणि माझ्याकडे न बघता होडीत डोकावल्या.

"जावयबापू, पीठ कुठं हाय? बटाटे? तेलाचा डबा?"

"पुढच्या फेरीत!" मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी नुसतं खाडीकडे बोट दाखवलं. पाणी पार मागे सरलं होतं. आता संध्याकाळपर्यंत होडी हलणार नव्हती. आणि नवऱ्याकडची मंडळी बेटाच्याच दुसऱ्या टोकाची, चालत निघालीसुद्धा! मेहुणी रडायला लागली. बायकोने माझ्याकडे पाठ फिरवली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सासूबाईंनी पदर खोचला. "लय दिवस इचारताय ना, होडी नाय आली तं काय खायचे? चला, दाखवते." आणि माझ्या हातात टोपली!

ज्या ओहोटीने होडी अडवली, तिनेच खाडीचा चिखल उघडा केला होता. शेजारणी त्यात हात घालून भराभर शिवल्या, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या. मी दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत आत! सफारी गेली, एक बूट गेला, पण कुतूहल शाबूत.

"आणि पावसाळ्यात काय हो, आई?" मी चिखलातून सासूबाईंना ओरडून विचारलं.

"सुकी मासली! उन्हात वाळवायची, मडक्यात भरायची. आता तोंड बंद, हात चालवा!"

पंगतीत शिवल्यांचं कालवण, माळ्यावरच्या मडक्यातले सुके बोंबील आणि जात्यावर दळलेल्या घरच्या तांदळाची भाकरी. माझी नजर नवऱ्याच्या आजोबांच्या ताटावर. त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "आयेच्या हातचं जेवलो बग आज!" सुपारी फुटली, मेहुणी हसली आणि माझा जीव भांड्यात पडला.

बूट काही सापडला नाही. होडीवाल्याने मात्र माझं ते 'माणसं की पोती' वाक्य जपून ठेवलंय. मी काठावर दिसलो की तो अजून हाळी देतो, "आधी पोती चढवा रे! मग माणसं! आणि जागा उरलीच, तर जावयबापू!"