आई तलावात शिरली

छप्पन्न साली नागपूरची राजधानी गेली, त्या वर्षीच्या कार्तिकात आम्ही आवळीभोजनाला उमरेडच्या वाटेवरच्या तलावावर गेलो. आम्ही कोष्टी. वडील आणि काका दिवसभर मागावर, आई शेजारी बसून सुताच्या कांड्या भरणार. वर्षातून एकदा बैलगाडीत गौऱ्या, कणीक, वांगी घालून निघायचं आणि तलावाकाठी आवळ्याखाली कणकेचे रोडगे भाजायचे.

रोडगे निखाऱ्यात होते. वडील घागर घासायला पाण्यात उतरले आणि ती त्यांच्या हातून निसटली. रिकामी पितळी घागर वाऱ्याबरोबर आत आत निघाली. वडील आणि काका गुडघाभर पाण्यात उभे राहून एकमेकांना सल्ले देऊ लागले. पोहता दोघांनाही येत नव्हतं, पण तोंडं चालू.

आईनं धाकट्याला माझ्या कडेवर दिलं, काष्टा घट्ट खोचला आणि पाण्यात शिरली. पाहता पाहता ती पोहायलाच लागली. आजीसमोर मान वर न करणारी माझी आई सपासप हात मारत चालली होती. मी थक्क झाले. घागर तिच्या हाती लागली तसं सगळ्यांना हायसं वाटलं. पण ती वळली नाही. तिनं घागर उलटी केली, छातीखाली धरली आणि तिच्या आधारानं पुढंच निघाली.

"घागर भेटली नं वं, आता काहून पुढं जाऊन राहिली?" आजी काठावरून ओरडली.

आईनं मागं पाहिलं नाही. तिचं डोकं लहान लहान होत गेलं. एवढं थोरलं पाणी, त्यावर ऊन आणि मधोमध माझी आई. इतकं सुंदर मी काही पाहिलं नव्हतं, आणि इतकी घाबरलेही नव्हते. ती आता येणारच नाही, असं मला वाटलं.

ती आली. धापा टाकत होती आणि हसत होती. आजीनं आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली. "पोहता येते तं सांगितलं काहून नाही?"

"माहेरी तलाव होता, आत्याबाई. इथं कुठी पोहू, नळाखाली?"

रोडगे करपायला आले होते, आई ओल्या लुगड्यानंच ते उलटायला बसली.

घरी पोहोचेपर्यंत मी तिचा पदर सोडला नाही. पुढं कितीतरी दिवस शाळेतून आल्यावर मी आधी दारातून डोकावून बघायची. आई कांड्या भरत बसलेली असायची, आणि ती घरात आहे याचंच मला नवल वाटायचं.