तिसऱ्या वर्षाकडून उलटं मोजत

डहाणू रोडच्या फलाटावर मला पोचवायला आई-बाबा आले होते आणि तलासरीहून आमच्या चळवळीतले सहा-सात जण. नवीन फलक करायला कुणाला सवड मिळाली नव्हती, म्हणून मागच्या मोर्च्याचाच घेऊन आले होते : ‘तलासरीला बीजगणित मिळालंच पाहिजे’. गाडीतले उतारू खिडकीतून डोकी काढून वाचत होते. स्टेशन मास्तरांनी बाबांना विचारलं, मोर्चा कुठे निघाला? बाबा म्हणाले, “अमेरिकेला. पण एकटाच जातोय.”

आई मासळीबाजारातून तशीच आली होती, रिकामी टोपली काखेत. बाबा तांडेल, म्हणजे होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. तेवढ्या गोंगाटात त्यांनी मला एवढंच सांगितलं : “निघायचं कधी ते यायच्या भरतीवरनं ठरवायचं.” आमच्या खाडीत ओहोटीला होडी शिरत नाही, चिखलात बसते. म्हणून आमच्याकडे तांडेल आधी परतीचं पाणी बघतो, मग मागे मागे मोजत निघायची वेळ काढतो. माझं लक्ष कुठे होतं? मी दारात उभा राहून घोषणांना मूठ वर करत होतो.

हे सहासष्ट सालचं. आता एकोणसत्तर चालू आहे आणि हे मी तुम्हा सगळ्यांसाठी लिहितोय : जे फलक धरून मागे राहिलात त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे कुठे कुठे जाऊन पडलात आणि घरी ‘सर्व ठीक’ एवढंच कळवता त्यांच्यासाठीही.

मी कोण होतो ते नव्या वाचकांना सांगतो : डहाणूच्या तांडेलाचा मुलगा, तलासरीच्या चळवळीतला पत्रकवाला. वेवजीकडची पोरं पायी तलासरीच्या शाळेत यायची. घरी वारली बोलायची, बाजारात गुजराती, मास्तरांपुढे मराठी. तीन भाषा येणाऱ्या पोरांना गणित झेपणार नाही, असं ठरवून टाकलेलं होतं. बीजगणित-भूमितीचा वर्ग नाही, म्हणजे पुढे सायन्स नाही, म्हणजे डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, काही नाही. शिक्षणखात्याच्या साहेबांकडे गेलो तर म्हणाले, वर्गापुरती मुलं नाहीत. आणि असली तरी त्यांना सुतारकाम जास्त उपयोगी पडेल. त्या वाक्यावर मी जन्मातलं पहिलं पत्रक लिहिलं. पुढे लिहीतच गेलो. सायक्लोस्टाइलची शाई माझ्या नखांतून कधी गेलीच नाही.

पत्रक लिहायची आमची एक रीत होती. डहाणूच्या बाजारात पत्रक एक जण मोठ्याने वाचतो आणि बाकीचे ऐकतात. मागणी पहिल्याच ओळीत सांगितली तर लोक ‘बरं बरं’ म्हणून भाजी घ्यायला जातात. म्हणून आधी हाक, मग अन्याय, मग जबाबदार कोण, आणि गर्दी तापली की शेवटी मागणी. ही रीत ध्यानात ठेवा, पुढे तिने माझी चांगलीच फजिती केली.

अमेरिका मध्ये आली ती मामामुळे. आईचा हा भाऊ आगबोटीवर खलाशी होता, नंतर कॅलिफोर्नियातल्या एका बंदरावर कामाला लागला आणि तिथेच राहिला. त्याने पत्रात कळवलं की बंदराच्या हापिसात एक यंत्र आलंय. पत्र्याच्या कपाटाएवढं, भोकं पाडलेली कार्डं खातं आणि अख्ख्या बोटीच्या मालाचा हिशेब सांगतं. त्याला काय करायचं ते माणसाने पायरीपायरीने लिहून द्यावं लागतं. मी ते पत्र वाचलं आणि मला झोप येईना. पायरीपायरीने लिहायचं आणि समोरच्याने मुकाट ते करायचं! पत्रकं लिहिणाऱ्याला याहून मोठं स्वप्न कुठलं?

मामाने सगळं स्पष्ट सांगितलं होतं. विद्यापीठात थेट जायची आपली ऐपत नाही आणि मार्कही नाहीत. पण तिथे गावोगाव स्वस्तातली ज्युनिअर कॉलेजं असतात. दोन वर्षं तिथे काढायची आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात ट्रान्स्फर घ्यायची. (आमच्याकडे ट्रान्स्फर ही शिक्षा असते, साहेबाशी वाकडं आलं की मास्तरांना कुठल्या तरी आडगावी ट्रान्स्फर. इथे लोक तिच्यासाठी दोन दोन वर्षं घाम गाळतात.) मामाच्या घरी मला जागा होती ती या दोन वर्षांपुरतीच. त्यानंतर तो नोकरी सोडून डहाणूला परत जाणार होता, कायमचा. तेव्हा एकतर विद्यापीठ मला घेणार, नाहीतर मी त्याच्याबरोबर हात हलवत परत. तिसरी वाट नव्हती.

कॉलेजात विषय ठरवून द्यायला कौन्सेलर नावाचा माणूस असतो. माझा कौन्सेलर सज्जन, टायवर बदकं. त्याने मला कॉफी दिली आणि विषय लिहून दिले : कार्ड पंचिंग, यंत्र चालवणं, हिशेबनिशी, टायपिंग. म्हणाला, परदेशी मुलांना हे बरं पडतं, दोन वर्षांत सर्टिफिकेट, लगेच नोकरी. मी विचारलं, यातलं विद्यापीठ काय काय धरेल? तो गोड हसला आणि म्हणाला, बहुतेक काहीच नाही.

म्हणजे सुतारकाम! सात समुद्र ओलांडून आलो आणि पुढ्यात पुन्हा सुतारकामच. माझी कानशिलं तापली. पण मी ‘थँक यू’ म्हणून बाहेर आलो. मामाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं : “दामू, आपण इथे पाहुणे. पाहुण्याने ताटात पडेल ते खायचं.”

त्या संध्याकाळी बंदरावर होड्या आत येताना बघत बसलो होतो आणि बाबांचं फलाटावरचं वाक्य डोक्यात उजळलं. मी गाढव, पहिल्या वर्षाकडून पुढे बघत होतो. परतीचं पाणी कुठलं? तिसऱ्या वर्षाचं. दुसऱ्या दिवशी बस पकडली आणि सरळ विद्यापीठात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरच्या विभागातल्या बाईंना विचारलं, दोन वर्षांनी तुमच्या तिसऱ्या वर्षात बसायचं तर माझ्या हातात काय काय असायला हवं? असा उलटा प्रश्न त्यांना कुणी फारसा विचारत नसावं. त्यांनी खुर्ची दिली आणि आम्ही मागे मागे येत गेलो. तिसऱ्या वर्षाला डिफरन्शियल समीकरणं हवीत, त्याआधी कॅल्क्युलसचे तीन भाग, म्हणजे पहिला भाग याच सत्रात घ्यायला हवा. प्रयोगांसकट फिजिक्स. फोरट्रान, म्हणजे यंत्राला सूचना लिहायची भाषा. आणि असेंब्ली, म्हणजे यंत्राच्या अगदी पोटाजवळची भाषा. परतीच्या बसमध्ये मी इतका खूष होतो की शेजारच्या गृहस्थाला मी तो सगळा आराखडा समजावून सांगितला. तो दोन स्टॉप आधी उतरला असावा.

कौन्सेलरने नवा आराखडा पाहिला, खांदे उडवले आणि सही केली. पहिलं वर्ष मी हवेत होतो. फोरट्रानमधला माझा पहिला प्रोग्रॅम चालला, प्रिंटरमधून खडखडत उत्तराचा कागद आला, तेव्हा मी मराठीत ओरडलो. सगळ्यांना वाटलं काहीतरी मोडलं.

दुसऱ्या वर्षी होडी चिखलात बसली. असेंब्लीचा वर्ग कॉलेज उघडेना. डीनसाहेब म्हणाले, किमान बारा नावं लागतात, नोंदवली आहेत फक्त चार. वर्गापुरती मुलं नाहीत.

डहाणू-तलासरीकरांनो, ते शब्द इंग्रजीत ऐकताना कसं वाटतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पाहुणा-बिहुणा सगळं गळून पडलं. एवढ्या एका विषयापायी माझं तिसरं वर्ष हुकणार होतं, आणि मामाने परतीच्या प्रवासाची चौकशी सुरू केली होती. मी डीनसाहेबांना विचारलं, बारा नावं आणली तर उघडाल? म्हणाले, हो. मी सायक्लोस्टाइलचं मशीन कुठे आहे ते शोधून काढलं.

पत्रक मी आपल्या रीतीने लिहिलं, फक्त इंग्रजीत. ‘बंधू-भगिनींनो, जागे व्हा! वेळ आली आहे!’ मग काळोखाबद्दल एक परिच्छेद, मग दार बंद करून बसलेल्यांबद्दल एक. बुधवारी संध्याकाळी अमुक खोलीत या, सर्वांचं स्वागत. कॉम्प्युटर हा शब्द आला चौथ्या परिच्छेदात. इथे बाजारात कुणी मोठ्याने वाचत नाही. प्रत्येक जण आपापलं वाचतो, तेही पहिल्या दोन ओळी.

बुधवारी खोली भरली. मला भरून आलं. मग दिसलं की काहींच्या हातात भजनाची पुस्तकं आहेत. एकाने गिटार आणली होती. दोन दाढीवाले पोरगे युद्धविरोधी सभा समजून आले होते, एक बसड्रायव्हर कशासाठी आला होता ते त्यालाही सांगता येईना. पहिल्या रांगेत मिसेस हॉब्ज होत्या, शाळेच्या स्वयंपाकघरातून रिटायर झालेल्या, नातवंडांच्या आजी. त्यांनी केक करून आणला होता. मी मागणीपर्यंत पोचलो तेव्हा भजनाची पुस्तकं एकेक करून मिटली.

मिसेस हॉब्जनी विचारलं, “म्हणजे यात देव नाही, मशीन आहे?”

“हो.”

“आणि आम्ही नावं दिली नाहीत तर तुझं काय होईल?”

मी खरं ते सांगितलं. मामाचं घर, तिसरं वर्ष, सगळं. आणि बोलता बोलता तलासरीही सांगितली, बीजगणित आणि सुतारकामासकट. पत्रकाने जी गर्दी तापली नव्हती ती तिथे तापली. बसड्रायव्हरने तर डीनसाहेबांना शिवी हासडली आणि भजनवाल्यांची माफी मागितली.

“बुधवारी मला तसंही काही काम नसतं,” मिसेस हॉब्ज म्हणाल्या आणि पहिलं नाव त्यांनी दिलं.

वर्ग उघडला. गिटारवाला दुसऱ्याच आठवड्यात पळाला, पण वर्ग एकदा सुरू झाला की बंद करता येत नाही हा नियम मी आधीच वाचून ठेवला होता. बसड्रायव्हर माझ्याहून हुशार निघाला. मिसेस हॉब्जना पाककृती सांगायची सवय, त्यांचा प्रोग्रॅम असा स्वच्छ उतरायचा की मास्तर तो फळ्यावर लावायचे. वसंतात विद्यापीठाने माझे विषय तपासले आणि सगळे धरले. तिथल्या विभागातल्या बाईंनी उभं राहून माझ्याशी हात मिळवला. बारा वर्षांच्या पोरीसारखा मी जिन्यावरून उड्या मारत उतरलो, लाज वाटली नाही.

उन्हाळ्यात मामा निघाला. आम्ही घर रिकामं केलं, त्याची भांडी बसड्रायव्हरने नेली. विमानतळावर मामा अगदी सावकाश चालत होता. इतकी वर्षं तो इथे पाहुण्यासारखा राहिला, ताटात पडेल ते खाऊन, कुणाकडे कधी काही न मागता. आणि डहाणूला जाऊन पहिलं काय करणार विचारलं तर म्हणाला, वाटेला लावलेलं कुंपण काढायला लावणार शेजाऱ्याला, वीस वर्षं मनात आहे. दाराशी थांबून त्याने विचारलं, “तुझ्या आईला काय सांगू? आनंदात आहे म्हणून सांगू?”

मला आईचा चेहरा दिसला, ती रिकामी टोपली दिसली. पण त्याच सकाळी विद्यापीठातही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती : कॉम्प्युटरच्या खोलीत ज्युनिअर कॉलेजातून आलेल्या पोरांना संध्याकाळनंतरच्याच वेळा देतात. का म्हणून? आम्ही काय उष्टं खायला आलो?

“सांग,” मी म्हणालो, “इथेही भांडायला लागलाय.”

मामा हसत हसत आत गेला. आईला बरोबर कळेल. परक्याच्या घरी माणूस गप्प बसतो, भांडतो ते आपल्याच घरी.