घरीच असते

गल्लीत तिला सगळे ताकफुंकी म्हणत, आणि तिला ते ठाऊक होतं. दुधाने तोंड पोळलेलं होतं ना एकदा! वीज कचेरीतल्या एका गोडबोल्या माणसाला तिने भाबडेपणाने सांगितलं, की मी घरी शर्टांना काज-बटणं करते. पुढच्याच महिन्यात घराच्या विजेला दुकानाचा दर लागला. तेव्हापासून कागद घेऊन दारात आलेला प्रत्येक माणूस तिच्या लेखी चोर. घरात सगळ्यांना तिने एकच वाक्य पढवून ठेवलं होतं : कुणी विचारलं तर सांगायचं, ती काही करत नाही, घरीच असते.

आणि ही घरीच असणारी बाई दिवसाला साठ शर्ट हातावेगळे करायची. सव्वीस वर्षं. पलंगाखाली गठ्ठे, खिडकीत बटणांचे डबे. चहाच्या कपात बटण निघालं तर नवरा ते बशीत काढून ठेवायचा आणि उरलेला चहा प्यायचा.

सरकारी मोजणीवाली बाई आली तेव्हा ताकफुंकीने हातातला शर्ट उशीखाली सारला.

"काम करता का?"

"नाही हो. घरीच असते."

बाईने तसं लिहून घेतलं आणि ती पुढच्या दारी गेली. तरी ताकफुंकी खिडकीतून बघत राहिली, ती खरंच पुढच्या दारी गेली का.

धाकटी बहीण सीमेपलीकडच्या देशात दिलेली. महिन्याभराने तिचा फोन आला. "ताई, पेपरात वाचलंस का? आमच्याकडे शंभरातल्या अठ्ठावन्न बायका कामकरी, तुमच्याकडे फक्त बावीस!"

"फुगवून सांगत असतील तुमचे. तिकडच्या बायकांना काय चार हात आहेत?"

"अगं, मीसुद्धा त्यात आहे! तुझंच काम करते मी, फक्त कॉलरचं. आमची मोजणीवाली 'काम करता का' असं विचारतच नाही. म्हणते, गेल्या आठवड्यात हाताने काय काय केलंत? मी सांगितलं, तिने लिहिलं."

"आणि मग? वीज कापली?"

"वीज कसली! कामगारांच्या यादीत नाव लागलं. मोतीबिंदू काढला माझा, कामगार दवाखान्यात, फुकट."

ताकफुंकीच्याही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. सुई ओवायला सुनेला हाक मारावी लागत होती, आणि डॉक्टर म्हणाले होते, वर्षभरात काढला नाही तर बटणं विसरा. कामगार दवाखाना इथेही होता. यादीत तिचं नाव तेवढं नव्हतं. बहीण थापा मारत नाही ना, हे तिने दोनदा फोन करून ताडून पाहिलं. मग स्वतः कचेरीत जाऊन फेरमोजणीचा अर्ज दिला, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलली नाही.

मोजणीवाली पुन्हा आली. या वेळी ताकफुंकी शर्ट मांडीवर उघडा ठेवून बसली होती. पण बाईने आधी नवऱ्याला विचारलं, घरात कोण कोण काम करतं?

"मी आणि मुलगा. ही काही करत नाही, घरीच असते."

ताकफुंकी हसली. "अहो, आता नाही तसं सांगायचं. विसरलात का? आज खरं सांगायचंय."

नवरा तिच्याकडे बघत राहिला. थट्टा नव्हती, लपवाछपवी नव्हती. "खरंच सांगतोय की. शिवत बसतेस आपली. काम कुठे करतेस तू?"

सव्वीस वर्षं ती दाराकडे डोळे लावून बसली होती. पाठीमागे बसलेल्या माणसाचा संशय तिला एकदाही आला नव्हता. तिला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"बाई," ती म्हणाली, "यांना विचारू नका. मला विचारा, हाताने काय केलं ते. आणि मी सांगते तसंच लिहा."