ताईचे मुके फोन

फोन उचलल्यावर पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर पलीकडे आपलं कोणी नाही हे तुम्ही कशावरून ठरवता?

मी ठरवलं होतं. आमचं घर आंधळगावात, पुढच्या खोलीत बाबांचा हातमाग. तरुणपणी बाबा विणकरांच्या मोर्चांची पत्रकं वाटायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्यामुळे राग आला की मी पत्रक काढते. मोबाइलचा रिचार्ज संपला की येणारे फोनही बंद होतात, याचा मला असाच राग आला. पत्रक काढलं, घरातला मोबाइल बंद करायला लावला आणि इंटरनेटवर चालणारा फोन घेतला. राउटरला एक डबी जोडायची, डबीला जुना, बिनपडद्याचा फोन, म्हणजे कोणाचा नंबर आला ते दिसायचं नाही. तपासायला म्हणून मैत्रिणीला लावला, झकास बोलणं झालं. बाहेरून कोणालातरी इकडे लावायला सांगावं, हे सुचलंच नाही.

नंबर पत्रकाखाली छापला आणि ताईला कळवला. ताई एकोडीला दिलेली, धानाची शेती असलेल्या घरात. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. "सातवा लागला का फोन कर वो, न्यायले येतो," आईने सांगून ठेवलं होतं.

मग मुके फोन सुरू झाले. घंटी वाजायची, उचलला की काही नाही. आई म्हणायची, "कोनी बोलत नाही वो, तूच पाह्य," आणि रिसीव्हर माझ्या हातात द्यायची. मला वाटलं, माझ्या पत्रकाने कोणाला तरी झोंबलंय. त्याच सुमारास मी दुसरं पत्रकही काढलं होतं, डोहाळेजेवण आणि बाळंतपणाचा खर्च मुलीच्या माहेरावर का, म्हणून. त्रास देणारे असणारच! एका दुपारी मी फोनवर ओरडले, "लाज नाही वाटत? पुन्हा या घरी फोन करायचा नाही, सांगून ठेवतो!" बाबा मागावरून हसले, "भाषण देऊन राहिली का फोनले?" मीही हसले.

फोन थांबले. आई कधीमधी म्हणायची, "पोरीचा फोन नाही आला." पण लेकीच्या सासरी आपण होऊन फोन करायचा नाही, ही आमच्याकडची रीत. तिथला फोन जावयाच्या खिशात, उगाच त्यांना अडचण. एरवी प्रत्येक रीतीवर तुटून पडणारी मी या रीतीपुढे गप्प बसले. "सुखात असन ते," म्हणाले.

एक दिवस भाऊजीच दारात उभे. पाणीही न घेता आईला म्हणाले, "आई, न्यायचं नव्हतं तर मले सांगाचं. तिले काहून तोडून बोलले? ते रडून राहिली."

"मी? कवा?"

"तुमी नाही. ह्या पत्रकवाल्या बाई."

मी म्हटलं, ताईचा फोन आलाच नाही. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि ओसरीतूनच आमचा नंबर लावला. घंटी वाजली, मी उचलला. ते माझ्यासमोर बोलत होते, ओठ हलताना दिसत होते. माझ्या कानाला लावलेल्या रिसीव्हरमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. आणि त्यांच्या मोबाइलमधून माझंच "हॅलो, हॅलो" खणखणीत येत होतं.

डबीतली आणि राउटरमधली गडबड मला नंतर समजली. आतून बाहेर जाणाऱ्या आवाजाला राउटर सोडत होता. बाहेरून आलेल्या आवाजाला घरातली डबी कुठे आहे हेच कळत नव्हतं. राउटरमध्ये फोनला मदत म्हणून असलेली एक सोय उलट पत्ते बिघडवत होती. ती बंद केली. राउटरने विसरू नये म्हणून डबी थोड्याथोड्या वेळाने बाहेर हाक देत राहील, अशी मांडणी केली. एका संध्याकाळचं काम.

पण आधी आई आणि मी एकोडीला गेलो. ताईचे पाय सुजलेले. डॉक्टरांनी आता प्रवास नको म्हणून सांगितलं होतं. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "पहिले वाटलं, ऐकू येऊन ऐकलं नाही असं करून राहिली तू. मंग तं तू फोन करालेच मनाई केली. तुह्यं पत्रक वाचलंच होतं मी."

"मंग फोन ठेवून काहून नाही देल्ला?"

"मागाची खटखट ऐकू येत होती ना वो. तू शिव्या देत होती तवरिक ऐकत बसली."

बाळंतपण तिकडेच झालं. सासरच्या घरी आईने मुक्कामी राहणं दोन्ही घरांच्या रीतीत बसत नव्हतं. ती दवाखान्यात बाळाला पाहून त्याच दिवशी परतली. बाळ-बाळंतीण बरे आहेत. आता फोनही नीट चालतो. फक्त ताई अजून आधी विचारते, "बोलू का?" आणि उत्तर येईपर्यंत थांबते.

तुमच्या घरी असा फोन असेल, तर आज घराबाहेर जा. दुसऱ्याच्या मोबाइलवरून घरी लावा. तिकडचं तुम्हाला आणि तुमचं तिकडे, दोन्ही ऐकू येतं का विचारा. घरचा फोन बराच वेळ नुसता पडून राहू द्या, मग बाहेरून पुन्हा लावा. आणि पुढचा मुका फोन आला तर रागावू नका. एवढंच म्हणा, "आवाज येत नाही, मीच तुम्हाला लावते." आणि मग ज्यांचा फोन बरेच दिवस आला नाही, त्यांना खरंच लावा.