मरळीचं बाळंतपण

माणसांच्या आधी माशांची ख्यालीखुशाली विचारणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच, ते म्हणजे माझे थोरले मामा. पाहुणा आला की लोक पाणी देतात, मामा विचारणार, "तुमच्याकडच्या नदीत वांब घावती का अजून?" नदीत उतरताना चपला काठावर काढणार, देवळात जावं तशा. एकदा आष्टीच्या एसटीत फडकं बांधलेली घागर मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, "बाबा, यात काय?" मामा म्हणाले, "मरळीची लेकरं हायेत. तिकीट न्हाई लागत, पाच वर्षांच्या आतली हायेत." कंडक्टरने फडकं उचलून पाहिलं, आणि पुढे खड्डा आला की तोच ड्रायव्हरला ओरडायचा, "हळू घे रे!"

ही लेकरं कुठं चालली होती ते सांगतो. आमच्या नदीवर बंधारा झाला. शेतांना पाणी आलं, ते कोण नाकारील? पण मरळ जिथं अंडी घालायची ते उथळ, गवताळ पाणी खोल बुडालं, टिटव्यांची वाळूही गेली. बदल्यात मासे-पाखरांसाठी गायरानात तळं खोदायचं ठरलं. बैठकीत मामा उभे राहिले. "साहेब, म्हैस गेली तर बदल्यात नुसता गोठा देता का? एक काठ तरी उतरता ठेवा. उभं राह्याला जागा लागती."

"कोणाला?"

"बगळ्याला."

सगळी बैठक हसली. एक तरुण साहेब तेवढा हसला नाही, त्याने लिहून घेतलं. काठ उतरता झाला. मामांनी तिथं पाणकणीस लावलं, बाभळीच्या वाळक्या फांद्या पाण्यात टाकल्या, घागरीतली पिल्लं सोडली. तिसऱ्या पावसाळ्यात त्या मरळींनी अंडी घातली. लालसर पिल्लांचा घोळका पाणकणसात फिरायला लागला, तसे मामा काठावर कोणाला मोठ्याने बोलू देईनात. "हळू. बाळंतीण हाय घरात."

मी नववीत शाळा सोडून काही वर्षं रिकामा फिरत होतो, तेव्हा त्याच तळ्याच्या देखभालीवर मला मुकादम म्हणून मामांनीच चिकटवलं. "पोरगं इमानदार हाय," एवढंच ते ठेकेदाराला म्हणाले. त्या उपकाराने मी इतका वाकलेला, की नोकरी जाईल ह्या भीतीने मला धड झोप लागत नसे. मामा मामीच्या भाचीच्या लग्नाला टेंभुर्णीला गेले होते, आणि ठेकेदाराचा फोन आला, "परवा मोठे साहेब येऊन राह्यले. तळं बिलकुल साफ पाहिजे." साहेब येणार म्हटल्यावर काय करायचं, हे आपल्याकडे शिकवावं लागत नाही. झाडायचं, कापायचं, फक्की मारायची. सहा माणसं लावून मी पाणकणीस मुळासकट उपटलं, फांद्या ओढून बाहेर काढल्या, काठाने पांढरी रेघ मारली. पिल्लं उघड्या पाण्यात आली. साहेब यायच्या आत पाणकावळे आणि बगळे आले, आणि घोळका टिपून गेले. मोठे साहेब "छान" म्हणाले. तो तरुण साहेब मागे रेंगाळला, पाण्याकडे बघून म्हणाला, "इथं काहीतरी होतं ना?" मी फक्कीची रिकामी पाटी उचलून चालू लागलो.

मामा परत आले. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. ते पांढऱ्या रेघेवर येऊन उभे राहिले. "लग्नाचा मांडव दिसून राह्यलाय," म्हणाले. मग विचारलं, "तुझी नोकरी राह्यली ना?"

"राह्यली मामा."

"मंग झालं." आणि धोतर खोचून एकटेच फांद्या परत पाण्यात ओढायला लागले. मी हात लावायला गेलो तर म्हणाले, "राहू दे, तुझी कापडं भरतील."

त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. पुढे मी तिथं टिकलो नाही. आता चाकणला एका कंपनीच्या गेटवर आहे. मामा दर रविवारी फोन करतात. जेवलास का, थंडी किती हाय, सगळं विचारतात. मरळीचं विचारायला माझी जीभ रेटत नाही, आणि तेही त्यातलं काही काढत नाहीत. म्हणजे मरळ अजून त्या काठाला परत अंडी घालायला आलेली नाही. आली असती, तर रविवारपर्यंत थांबणारा माणूस नव्हे तो.